माझ्याकडे तर चालतंय!

'चालत नाही' हा मराठी भाषेतला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. कोण चालत नाही, कोण चालू देत नाही आणि मुळात पाय कोणाचा मोडला आहे, यातले काहीही उघड न करता तो वापरता येतो. चातुर्मासात एखादी गृहिणी 'आमच्याकडे कांदा चालत नाही' म्हणते, तेव्हा कांद्यात काही बिघाड झालेला नसतो. भाजीवाली 'दहाचं नाणं चालत नाही' म्हणून ते आपल्या हातावर परत ठेवते, तेव्हा नाणे चांगले खणखणीत असते. चौदाच्या चौदा नमुन्यांची दहाची नाणी कायदेशीर आहेत, असे पत्रक रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी काढलेले असते. तरी ते चालत नाही, कारण 'पुढे कोणी घेत नाही'. हा पुढचा 'कोणी' आजवर कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. आणि बागेतल्या बाकावर बसलेले आजोबा 'हल्ली घरात माझं काही चालत नाही' असे म्हणतात, तेव्हा ते गुडघ्यांविषयी बोलत नसतात, हे काही मी सांगायला नको.

मी बँकेत कारकून आहे. म्हणजे दिवसाकाठी पन्नाससाठ वेळा 'चालत नाही' म्हणण्याचा मला पगार मिळतो. सही चालत नाही, नुसती झेरॉक्स चालत नाही, पेन्सिलीने भरलेली स्लिप चालत नाही, आणि दुपारी बारानंतर सर्व्हर चालत नाही. यातल्या शेवटच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा काडीचाही संबंध नसतो. पण बँकेच्या खिडकीतून ते वाक्य अशा आवाजात बाहेर पडते, की येताना वाटेत आपणच सर्व्हरला धक्का मारला की काय, असे त्या बिचाऱ्याला वाटावे.

नोव्हेंबर महिन्यात हा प्रकार कळसाला पोचतो. पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. पूर्वी माणूस समोर येऊन उभा राहिला आणि त्याने सही केली, की तो जिवंत आहे याबद्दल बँकेची खात्री पटत असे. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आले आणि यंत्रावर बोट टेकवून जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची सोय झाली. सोय खरोखरच चांगली आहे. पण ज्या अंगठ्याने चाळीस वर्षे राखेने भांडी घासली, त्याच्यावरच्या रेषा केव्हाच मोरीतून वाहून गेलेल्या असतात. यंत्राचा लाल दिवा लागतो, आणि खिडकीतून आपसूक उद्गार निघतो, 'आजी, तुमचा अंगठा चालत नाही.' आजी ओशाळतात, अंगठा पदराला पुसतात आणि पुन्हा ठेवतात. 'आजी, आमच्या यंत्राला तुमचा अंगठा वाचता येत नाही' असे वाक्य मराठी व्याकरणात बसते, पण अजून कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. पुढे २०२१ साली चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय निघाली. म्हणजे गुन्हा अंगठ्याचा नव्हता, असे वरच्या पातळीवरही कोणाला तरी वाटले असावे.

तर प्रश्न असा, की एखादी गोष्ट शंभरातल्या नव्याण्णवांकडे चालते आणि एकाकडे चालत नाही, तेव्हा दोष त्या एकाचाच का धरायचा? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि मी पडलो बी. कॉम. आम्हाला नीतिशास्त्र नव्हते. त्याच्या जागी घसारा होता. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो भेटला आमच्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, खजिनदारांच्या घरी.

आमचे खजिनदार म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणते. ज्यांच्या तीन पिढ्यांत कोणी त्यांच्या शाळेत गेलेले नाही, तेसुद्धा सरच म्हणतात, आणि लिफ्टमध्ये सर भेटले की शर्टाचे वरचे बटण लावतात. निवृत्तीच्या वर्षी, २००९ साली, सरांनी तीस हजार रुपये मोजून संगणक घेतला. त्याच्या पोटात कोअर टू ड्युओ नावाचा प्रोसेसर, म्हणजे त्या काळचे घरंदाज स्थळ. सरांनी तो मुख्याध्यापकी शिस्तीत शिकून घेतला आणि सोसायटीच्या वर्गण्या, पावत्या, थकबाक्या सगळे त्याच्यावर घातले. वर खणाचे झाकण. रोज संध्याकाळी झाकण काढायचे, काम करायचे, पुन्हा झाकण घालायचे. संगणकाला इतक्या मानाने वागवणारे दुसरे घर मी पाहिलेले नाही.

इथे माझ्यातला बी. कॉम. जरा डोके वर काढतो. प्राप्तिकराच्या हिशेबात २०१७-१८ पासून संगणकाला दरसाल चाळीस टक्के घसारा धरू लागले. सरांचा संगणक घरगुती, त्याला हे काही लागू नाही. पण मी सहज गंमत म्हणून गणित मांडून पाहिले. तीस हजारांच्या यंत्राला घटत्या शिलकीच्या पद्धतीने चाळीस टक्के लावत गेले, तर पंधरा वर्षांनी त्याची किंमत उरते चौदा रुपये आणि काही पैसे. उरते, हे महत्त्वाचे! या पद्धतीचे सौंदर्य हेच, की शिल्लक कितीही घटली तरी शून्य होत नाही. आमच्या खतावणीत कोणतीही वस्तू पूर्णपणे मरत नाही. चौदा रुपये, आठ रुपये, पाच रुपये, अशी ती थोडीथोडी जिवंत राहते.

सरांच्या संगणकाला मात्र एका प्रोग्रॅमने अर्ध्या सेकंदात शून्यावर आणले.

हिशेबाचा तो प्रोग्रॅम एका छोट्या कंपनीचा. वर्षानुवर्षे सुरळीत चालला होता. दोनएक वर्षांपूर्वी त्याची नवी आवृत्ती आली. सरांनी ती बसवली, चित्रावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले, एक क्षण फिरले, आणि थांबले. पुढे काही नाही. खिडकी उघडली नाही, सूचना नाही, चूक दाखवणारी लाल फुली नाही. पाहुणा दारापर्यंत यावा, त्याने चपला काढाव्यात, आणि पुन्हा पाहावे तर चपलाही नाहीत आणि पाहुणाही नाही, तसे.

सरांनी पुन्हा टिचकी मारली. मग जरा जोरात मारली. मग हळू मारली. माऊस पुसला. संगणक बंद करून चालू केला. दुसऱ्या प्लगमध्ये लावला. आणि हाडाचे शिक्षक असल्यामुळे यातली प्रत्येक गोष्ट एका शंभर पानी वहीत लिहून ठेवली. 'प्रयत्न ७ : प्रथम अन्य सर्व कार्यक्रम बंद केले. निष्फळ.' 'प्रयत्न १९ : सकाळी सहा वाजता, विजेचा दाब चांगला असताना. निष्फळ.' अशा एकेचाळीस नोंदी. मी वही पाहिली तेव्हा एकेचाळिसाव्या नोंदीखाली लाल शाईने एक ओळ होती. आयुष्यभर ज्या लाल शाईने त्यांनी पोरांच्या चुका दाखवल्या, त्याच शाईने लिहिले होते, 'माझेच काहीतरी चुकते आहे. वयपरत्वे.'

मला सगळ्यात झोंबले ते हे 'वयपरत्वे'.

दरम्यान सरांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोनही केला होता. तिथला मुलगा अतिशय नम्र होता असे सरांचे मत. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे तर चालतंय."

या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ते जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या प्रोग्रॅमबद्दल तक्रार आली, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या तोंडून, कोणत्याही देशात आणि कोणत्याही भाषेत, पहिले वाक्य हेच येते. वाक्य खोटे नसते, हीच तर अडचण आहे. त्याच्याकडे खरोखरच चालत असते. पण आपण कण्हत कण्हत डॉक्टरांकडे जावे, 'डॉक्टर, ताप आहे' म्हणावे, आणि डॉक्टरांनी थर्मामीटर स्वतःच्या काखेत लावून मिनिटभराने 'मला तर नाहीये' म्हणावे, तर त्यांचे विधान शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असूनही आपण फी देऊ का?

माझा एक भाचा हिंजवडीला याच धंद्यात आहे. त्याला फोन केला, नवी आवृत्ती पाठवली. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला.

"मामा, माझ्याकडे तर चालतंय."

"अरे गाढवा, तुझ्याकडे चालतंय म्हणूनच तुला यायचंय," मी म्हणालो. पुढच्या रविवारी तो आला. (त्या दिवशी सरांकडे साबुदाण्याची खिचडी होती, हे त्याला आधी सांगितले होते. तत्त्वनिष्ठेला थोडा आधार लागतो.)

त्याची काम करण्याची पद्धत मला आवडली. त्याने सरांना 'तुम्ही काय केलंत?' असे विचारलेच नाही. जिथे चालते त्या यंत्रात असे काय आहे जे इथे नाही, याची त्याने यादी केली आणि एकेक गोष्ट खोडत गेला. मग विंडोजच्या पोटात 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक नोंदवही असते, ती उघडली. संगणकात जे जे घडते त्याची नोंद तिथे निमूटपणे होत असते. सर म्हणाले, "म्हणजे यालाही वही आहे!" तेव्हापासून त्या यंत्राविषयीचा त्यांचा आदर आणखी वाढला. त्या वहीत एकेचाळीस वेळा एकच सांकेतिक आकडा होता. त्याचा अर्थ, इल्लीगल इन्स्ट्रक्शन. बेकायदा हुकूम.

"मामा, प्रोसेसर म्हणजे एक कारकून समज," भाचा म्हणाला. मला समजणे फारसे जड गेले नाही. "त्याला ठरावीक हुकूम कळतात. नव्या कारकुनांना काही जास्तीचे हुकूम शिकवलेले असतात. २०११ पासून एव्हीएक्स नावाचे हुकूम आले. त्यात एका दमात आठ-आठ आकड्यांची बेरीज होते. सरांच्या प्रोसेसरचा जन्म त्याआधीचा. त्याला ते हुकूम ठाऊकच नाहीत."

"म्हणजे याला बेरीज येत नाही?" सरांनी विचारले.

"येते की सर! चार-चार आकड्यांनी येते, एकेकानंही येते. फक्त या शब्दांत सांगितलेली कळत नाही."

मला आमचे एक जुने हेडकॅशियर आठवले. ओल्या स्पंजाला बोट लावून शंभर नोटांचे पुडके ते असे मोजत, की पंखा बंद आहे की चालू, हे नोटांच्या वाऱ्यावरून कळत नसे. त्यांना नोटा मोजायच्या यंत्राचे बटण कोणते ते माहीत नव्हते, म्हणून त्यांना मोजता येत नाही असे कोणी म्हणाले असते, तर त्याचे पुडके त्यांनी काय केले असते देव जाणे. आणि ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. २०२४ साली विंडोज ११ ची जी आवृत्ती निघाली, ती 'पॉपकाउंट' नावाचा हुकूम न कळणाऱ्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. हा हुकूम करतो काय? एखाद्या आकड्यात एक आणि शून्य यांतले 'एक' किती आहेत, ते मोजून सांगतो. बस्स! जुना प्रोसेसरही ते मोजू शकतो, पाचपंचवीस पायऱ्यांनी मोजतो. पण एका शब्दात मोजता येत नाही म्हणून त्याने दुकान उघडायचेच नाही.

पण मला त्या प्रोसेसरचे खरे कौतुक वाटले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. न कळणारा हुकूम आला तेव्हा त्याने अंदाजाने काहीतरी केले नाही. कळल्यासारखी मान हलवली नाही. तो जागच्या जागी थांबला आणि त्याने लेखी कळवले, की हा हुकूम बेकायदा आहे. हेड ऑफिसकडून आमच्याकडे आठवड्याला जी परिपत्रके येतात, त्यातली निम्मी कोणाला कळत नाहीत. पण 'सदर परिपत्रक बेकायदा असल्याने परत पाठवीत आहोत' असे म्हणण्याची छाती असलेला कारकून अजून जन्माला यायचा आहे. आम्ही ते फाइलला लावतो. आणि गंमत अशी, की यंत्राची भाषा 'हुकूम बेकायदा' असे म्हणते. 'कारकून म्हातारा' असे ती म्हणत नाही. ते आपण म्हणतो.

असे होते कसे, तेही भाच्याने सांगितले. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या हुकमांत उतरवून घ्यावा लागतो. उतरवताना कोणत्या काळच्या यंत्रांसाठी उतरवायचा, हे सांगता येते. त्यात एक पर्याय असतो 'नेटिव्ह', म्हणजे मी ज्या यंत्रापुढे बसलो आहे, त्याच्याच मापाने. (आपल्या आजोबापणजोबांनी हा शब्द साहेबाच्या तोंडून वेगळ्या सुरात ऐकला होता; आता तो आपल्याच मुलांच्या तोंडी आला आहे.) शिंप्याने सगळ्या गावाचे सदरे स्वतःच्या छातीचे माप घेऊन शिवावेत, आणि ज्याला होणार नाही त्याला 'तुमची छाती जुनी आहे' म्हणावे, असा हा प्रकार. शिवाय हल्ली नव्या यंत्रालाही जुन्या प्रोसेसरचे सोंग घ्यायला लावता येते. त्या सोंगावर प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. तेव्हा 'आमच्याकडे जुना संगणक नाही हो' ही सबबही तितकीशी खरी नाही.

आता यातला सगळ्यात रंगतदार भाग. भाच्याने त्या प्रोग्रॅमची फाइल उघडून तिच्या पोटात पाहिले. हुकमांच्या जंगलात मधूनमधून वाचता येणारी वाक्ये असतात. त्यात त्याला एक इंग्रजी वाक्य सापडले. त्याचा भावार्थ असा, की आपला प्रोसेसर या आवृत्तीला पुरेसा नाही. कृपया जुनी आवृत्ती वापरा.

म्हणजे लिहिणाऱ्याला सरांची आठवण होती! कोणीतरी भल्या माणसाने मुद्दाम ते वाक्य घालून ठेवले होते. मग ते पडद्यावर का येत नव्हते? तर प्रोग्रॅम सुरू होताना मुख्य काम हाती घेण्याआधी बरीच मांडामांड करतो. कोष्टके भरतो, खण लावतो, सतरंज्या घालतो. प्रोसेसर जुना आहे का, हे विचारण्याची आणि ते नम्र वाक्य दाखवण्याची पाळी त्यानंतर. आणि ती मांडामांडच नव्या हुकमांत लिहिलेली! पहिलीच सतरंजी घालताना प्रोग्रॅम कोसळत होता, आणि 'दरवाजा बिघडला आहे, मागच्या दाराने या' ही पाटी दरवाजाच्या आतल्या बाजूला लटकत होती. चालता चालता पडणारा प्रोग्रॅम निदान ओरडतो तरी. सुरू होतानाच पडणारा मुका असतो, कारण ओरडणारा अजून जागा झालेला नसतो.

हा पेच जुना आहे, असे भाचा म्हणतो. तुला काय काय येते, असे प्रोसेसरला विचारण्यासाठी एक खास हुकूम असतो. पण तो हुकूमच अगदी जुन्या ३८६ ला आणि सुरुवातीच्या ४८६ ला माहीत नव्हता. म्हणजे 'काय आजोबा, ऐकू येतं का?' हे आजोबांना विचारायचे कसे, हा पहिला प्रश्न.

सर इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझं चुकत नव्हतं?"

"नाही सर."

"टिचकी बरोबर होती?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस," भाचा म्हणाला.

सरांनी चष्मा काढून पुसला. नंतर बराच वेळ ते खिचडीचा आग्रह करत राहिले.

खिचडीनंतर आमचा वाद झाला, आणि भाच्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती लटकी नव्हती. त्याचे म्हणणे असे, की मामा, किती जुने सांभाळायचे? प्रत्येक जुन्या यंत्रावर तपासणी करायची म्हणजे माणसे लागतात, वेळ लागतो, आणि तो खर्च नव्याण्णवांच्या खिशातून जातो. त्याने लिनक्सचा दाखला दिला. लिनक्सचा जन्म १९९१ साली ३८६ प्रोसेसरवर झाला. लायनस टॉर्व्हल्ड्सच्या त्या यंत्रावर, त्या यंत्रासाठीच ते लिहिले गेले. आणि २०१२ च्या डिसेंबरात त्याच लिनक्समधून ३८६ ला निरोप दिला गेला. त्या म्हाताऱ्याला पुढच्या प्रोसेसरांचे काही हुकूम येत नव्हते, आणि त्याच्यासाठी ठिकठिकाणी ठेवलेल्या पळवाटांनी सगळ्यांच्याच पायात घोटाळे होत होते. स्वतःच्या बाळंतिणीच्या खोलीला कुलूप लावण्यासारखे झाले. पण झाले ते उघडपणे, कारण सांगून. जुन्या आवृत्त्या ज्याला हव्यात त्याला मोकळ्याच राहिल्या.

हे मला मान्य आहे. बँकवाल्याला हे मान्य असावेच लागते. दोन हजारांची नोट १९ मे २०२३ रोजी मागे घ्यायचे ठरले. तेव्हा कधीपर्यंत, कुठे आणि किती बदलून मिळतील, हे आधी सांगितले गेले. खिडकीवर आम्ही चार शिव्या खाल्ल्या, पण 'तुमच्याच हाताला घाम असतो, म्हणून नोट चालत नाही' असे कोणाला ऐकावे लागले नाही.

याच्याउलट दुसरा दाखला. मार्च २०१८ मध्ये विंडोज ७ ची एक दुरुस्ती आली. पेंटियम थ्री आणि त्याच्या वयाची जी यंत्रे होती, ज्यांना एसएसई-टू नावाचे हुकूम येत नव्हते, ती या दुरुस्तीने कोलमडू लागली. मायक्रोसॉफ्टने सुरुवातीला लिहिले, की यावर उपाय शोधत आहोत. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पर्यंत सांभाळण्याचा शब्द दिलेलाच होता. त्याच वर्षी जूनमध्ये ते उपायाचे वाक्य निघून गेले आणि त्याच्या जागी नवा प्रोसेसर असलेले यंत्र घ्या, अशा अर्थाचा सल्ला आला. लोकांनी जुनी पाने ताडून पाहिली तेव्हा बदल ध्यानात आला. यंत्रे थोडी होती, फार जुनी होती, हे सगळे कबूल. पण आमच्या धंद्यात खतावणीतली जुनी नोंद खोडून त्यावर नवी लिहिली, तर ऑडिटर त्याला सल्ला म्हणत नाही.

शिवाय 'जुने' म्हणजे काय, हेही भाच्याकडून काढून घेतल्यावर स्वच्छ राहिले नाही. इंटेलने पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी २०२० सालापर्यंत जे स्वस्तातले डेस्कटॉप प्रोसेसर विकले, त्यांतही हे एव्हीएक्स हुकूम नव्हते. वयाने अगदी बाळे! दुकानातून नुकतीच खोक्यातून निघालेली. तरी एव्हीएक्स मागणारा प्रोग्रॅम त्यांच्यावरही सरांच्या यंत्राइतकाच मुकाट मरतो. म्हणजे ज्याला आपण म्हातारा म्हणत होतो, तो कधीकधी नुसता गरीब निघतो.

आणि उलटेही घडलेले आहे. विंडोज ९५ सुरू होताना थोडा वेळ आकडे मोजून प्रोसेसर किती वेगवान आहे ते अजमावीत असे. १९९८ च्या सुमारास एएमडीचे के-सिक्स-टू नावाचे प्रोसेसर आले. साडेतीनशे मेगाहर्ट्झच्या वरचे हे पठ्ठे ते मोजणे इतक्या झटपट संपवीत, की लागलेला वेळ शून्य निघे, त्या शून्याने भागायची वेळ येई, आणि विंडोज ९५ सुरू होतानाच कोसळे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रांवर जवळजवळ याच कारणाने सुरुवातीलाच मरत. यंत्र फार नवे म्हणून प्रोग्रॅम चालत नाही!

मी भाच्याला विचारले, "मग तेव्हा काय केलं? लोकांना सांगितलं का, की तुमचा संगणक फारच तरुण आहे, जरा म्हातारा बघून आणा?"

"नाही मामा. प्रोग्रॅम दुरुस्त केले."

यावर मी काही बोललो नाही. भाच्याने उरलेली खिचडी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

सरांनी त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहिले. ईमेलच, पण 'सप्रेम नमस्कार' घालून. त्यांनी नवी आवृत्ती आपल्या संगणकावर चालावी अशी मागणी केली नाही. ते म्हणाले, तो त्यांचा व्यवहार आहे, मी कोण सांगणार? त्यांनी एवढेच लिहिले, की आपल्या प्रोग्रॅममध्ये एक सूचना आहे, ती सौजन्यपूर्ण आणि उपयुक्त आहे, तरी ती मांडामांडीच्या आधी दाखवण्याची व्यवस्था व्हावी. खाली, भाच्याकडून समजून घेऊन, नेमका कोणता हुकूम कुठे अडतो ते मुद्देसूद लिहिले. एका शुद्धलेखनाच्या चुकीकडेही लक्ष वेधले, कारण त्या इंग्रजी सूचनेत एक अक्षर कमी होते.

महिना गेला, दोन महिने गेले. मग एका संध्याकाळी सरांनी मला खाली बोलावले. काकूंनी चहा ठेवला होता. सर म्हणाले, "नवी आवृत्ती आली आहे. बघा." त्यांनी टिचकी मारली. चक्र एक क्षण फिरले. आणि पडद्याच्या बरोबर मध्यभागी, चौकोनी खिडकीत, ती सूचना उमटली. आपला प्रोसेसर या आवृत्तीला पुरेसा नाही. कृपया जुनी आवृत्ती वापरा. अक्षरही दुरुस्त केलेले होते.

सरांनी ती दोनदा वाचली, ठीक आहे अशी मान हलवून बंद केली, वही काढली आणि लाल शाईच्या त्या ओळीवर पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली. खाली लिहिले, 'प्रयत्न ४२ : यशस्वी.' मग जुनी आवृत्ती उघडून ते थकबाकीदारांच्या यादीकडे वळले.